वजनाच्या ऑपरेशनसाठी पहिल्यांदा डॉक्टरांना भेटताय? निघण्याआधी एवढी तयारी करा

माझी अक्का अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यात असते. तिला घेऊन आम्ही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं लातूरहून पुण्याला गेलो होतो, वजनाच्या ऑपरेशनचं विचारायला. सकाळी उतरलो, साडेअकराला नंबर लागला आणि पंधरा मिनिटांत बाहेर आलो. डॉक्टर चांगले होते, चुकलो आम्ही. "थायरॉइडची गोळी किती पॉवरची?" तर अक्का म्हणे, "बारकी असते, पांढरी." "झोपेत घोरता का?" अक्का म्हणाली नाही, आणि मागं उभ्या भाऊजींनी हळूच मान हलवून हो म्हटलं. "याआधी वजन कमी करायला काय काय केलं?" तर "लई केलं." डॉक्टरांनी तपासण्यांची चिठ्ठी लिहिली आणि पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. जाऊन-येऊन साडेसहाशे किलोमीटर, आणि हातात काय, तर लातुरातही करता आल्या असत्या अशा तपासण्यांची चिठ्ठी.

दुसऱ्या खेपेला आम्ही तीन आठवडे तयारी करून गेलो. तीच तयारी इथं क्रमानं सांगतो. पुण्या-मुंबईच्या माणसाची एक भेट वाया गेली तर तो पुढच्या मंगळवारी परत जातो. आपल्याकडं लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीच्या माणसाला पुणं, संभाजीनगर नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं, किंवा महिन्यातून एकदा येणाऱ्या व्हिजिटिंग डॉक्टरांची वाट बघावी लागते. म्हणून घरी होणारं सगळं घरीच उरकून निघायचं.

हे ऑपरेशन म्हणजे काय, ते आधी घरात सगळ्यांना सांगा

आमच्या गावात अजूनही "पोटावरची चरबी कापून काढतात" असंच बोललं जातं. ते वेगळं. चरबी नळीनं ओढून काढतात, त्याला लायपोसक्शन म्हणतात. वजनाच्या ऑपरेशनला बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात आणि त्यात चरबीला हातही लावत नाहीत. दुर्बिणीतून जठरावर काम होतं. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला पुढं नेऊन जोडतात, त्यामुळं खाल्लेलं आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जातं. मिनी बायपास हा त्यातलाच एका जोडाचा प्रकार. भूक आणि साखर सांभाळणारी शरीरातली संप्रेरकंही यानं बदलतात, म्हणून मधुमेहावर परिणाम दिसतो. एवढं समजलं तरी पहिल्या भेटीतली पाच मिनिटं वाचतात.

वजन आणि उंची अंदाजानं सांगू नका

अक्काच्या घरचा काट्याचा वजनकाटा १०५ दाखवायचा. तो १२० पर्यंतचाच होता आणि वरच्या आकड्यांत त्याचा भरवसा नव्हता. शेवटी सकाळी सातला, आडतीवर गर्दी व्हायच्या आधी, भाऊजींच्या ओळखीनं तिला मोंढ्यातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं केलं. सोयाबीनची पोती मोजणारा हमाल तोंड वळवून बाजूला थांबला, हे त्याचं मोठेपण. आकडा आला ११८. अक्का उतरली आणि म्हणाली, "आता खोटं बोलायची सोयच राहिली नाही." तुमच्याकडं मोंढ्यात ओळख नसेल तर दवाखान्यातल्या किंवा जिममधल्या काट्यावर करा, पण काटा १५० किलोच्या वरचा आहे का ते आधी बघा.

उंची भिंतीला टाच आणि डोकं टेकवून, चप्पल काढून, अंबाडा सोडून मोजायची. डोक्यावर वही आडवी धरून भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि शिंप्याच्या टेपनं सेंटिमीटरमध्ये मोजा. आधार कार्डावरच्या किंवा जुन्या नोंदीतल्या उंचीवर विसंबू नका. चाळिशीनंतर उंची थोडी घटते आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकानं हिशोब बदलतो.

हिशोब असा: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. अक्काची उंची १.५६ मीटर. ११८ भागिले १.५६, परत भागिले १.५६, म्हणजे साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास. हा तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. कमरेचा घेरही लिहून घ्या. भारतीय बाईसाठी ८० आणि पुरुषासाठी ९० सेंटिमीटरच्या पुढं गेला की धोका धरतात.

आकडा कुठं बसतो: डॉक्टरांच्या फुटपट्टीत आणि विम्याच्या फुटपट्टीत

इथं लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. १९९१ पासून जगभर चाललेला नियम असा होता की बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मोठा आजार असेल तरच ऑपरेशन. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या शल्यचिकित्सकांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेतली आणि एक आंतरराष्ट्रीय, तो खाली आणला. ३५ च्या वर आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं, ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करावा, आणि आशियाई माणसांत त्याच आकड्याला आजार लवकर जडतात म्हणून आपल्यासाठी २७.५ पासूनच पर्याय खुला ठेवावा.

पण तुमची विमा पॉलिसी १९९१ जवळच थांबलेली असते. विमा नियामकानं आरोग्य पॉलिसींसाठी ठरवून दिलेल्या कलमांत लठ्ठपणाच्या ऑपरेशनच्या अटी आहेत. वय १८ च्या वर, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त. ३५ च्या वर असेल तर सोबत हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह यांपैकी काहीतरी हवं, आणि आधीचे सौम्य उपाय करूनही फरक पडला नाही असं दिसायला हवं. म्हणजे ३३ ला डॉक्टर हो म्हणतील आणि विमा कंपनी नाही म्हणेल, असं होऊ शकतं. पॉलिसी घ्यायच्या आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायची मुदतही असते, आता ती जास्तीत जास्त तीन वर्षं. पॉलिसीची ती पानं झेरॉक्स करून, त्या ओळींखाली पेननं रेघ मारून फाईलमध्ये ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचारायचं असेल तर डॉक्टरांना नको, त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, तेही घरून फोन लावून. झेडपीचे शिक्षक किंवा सरकारी नोकर असाल तर प्रतिपूर्तीचं आधी आपल्या कार्यालयात विचारून घ्या.

"आधी काय काय केलं" याची यादी म्हणूनच महत्त्वाची. साल, उपाय, किती उतरलं, किती दिवसांत परत आलं, असे चार रकाने आखा. त्या काळातली आहारतज्ज्ञाची चिठ्ठी, जिमची पावती, औषधाचं बिल सापडलं तर जोडा. अक्काच्या यादीत सात उपाय निघाले. त्यात सकाळचं गरम पाणी-लिंबू होतं आणि एका ओळखीच्या बाईनं विकलेला प्रोटीनचा डबाही होता. आम्ही दोन्ही लिहिले.

औषधं: चिठ्ठ्या नव्हे, स्ट्रिपाच न्या

एका पिशवीत घरातली चालू औषधं सगळी भरा, रिकाम्या स्ट्रिपाही. नाव आणि पॉवर त्यावरच असते. साखरेची, बीपीची, थायरॉइडची, मानसिक आजाराची, झोपेची, सगळी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती वर ठेवा. यांतली कुठलीच गोळी आपल्या मनानं बंद करून जायचं नाही.

आता ज्या गोष्टी लोक औषधात धरतच नाहीत, त्या.

गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून घेतलेल्या गोळ्या. अक्का तीन वर्षं जवळपास रोज खात होती, पण "दुखलं की घेते" एवढंच सांगायची. यानं जठराला व्रण होतात आणि बायपासनंतर तर या गोळ्या बहुतेकांना टाळाव्याच लागतात. कुठलं ऑपरेशन करायचं, हे यावरूनही ठरतं.

सांधेदुखीवर बिनलेबलची पुडी देणारे प्रत्येक बाजाराच्या गावी असतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि स्टेरॉइडनं वजन व साखर दोन्ही वाढतात. पुडी खिशात घालून न्या, लपवू नका. अचानक बंदही करू नका, डॉक्टर सांगतील तशी कमी करा.

आणि मिश्री. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला आपल्या बायका प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. जखम भरणं, जोडावर व्रण होणं, भुलीत फुप्फुसाचा त्रास, सगळ्याशी तिचा संबंध येतो, म्हणून ऑपरेशनच्या काही आठवडे आधी ती आणि गुटखा, बिडी, तंबाखू-चुना हे सगळं बंद करायला सांगतात. भेटीच्या दिवसापासूनच सुरुवात केली तर बरं. दारूचंही खरं सांगा. ऑपरेशननंतर, खास करून बायपासनंतर, थोडीशी दारूही पटकन आणि जास्त चढते.

सात दिवसांची खाण्याची वही

आहारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत विचारतात, आणि "साधंच जेवण असतं हो, भाकरी-वरण" हे उत्तर प्रत्येकाचं असतं. अक्काचंही तेच होतं. मग मी तिच्या नातीला कामाला लावलं, आजी तोंडात काही टाकेल तेव्हा वहीत लिहायचं. बुधवारचं पान माझ्याकडं अजून आहे:

"सकाळी ६, चहा. ८, चहा आणि खारी दोन. ९, भाकरी दोन, पिठलं, ठेचा, कांदा. १०, काकू आल्या, चहा. १, भाकरी दीड, तुरीचं वरण, भात, शेंगदाण्याची चटणी. ३, चहा. ४, उभ्यानं शेंगदाणे मूठभर, गूळ. ५, चहा. ६, माझ्या ताटातला शिरा उरलेला. ७, चहा. ९, भात, वरण, दूध."

जेवण खरंच साधं आहे. पण सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे १२ चमचे, ६० ग्रॅमच्या आसपास. एवढ्यातच जवळपास २४० कॅलरी जातात आणि अक्का त्याला खाण्यात मोजतच नव्हती. नातीनं ताटात टाकलेला शिराही "वाया जाऊ नये" म्हणून पोटात गेलेला.

वही लिहिताना तो आठवडा मुद्दाम शहाण्यासारखा घालवू नका. लग्नाची पंगत, सप्ताहाचा महाप्रसाद, येळवशीची भज्जी-आंबिल जे आलं असेल ते येऊ द्या. सोबत तीन गोष्टी वेगळ्या लिहा: रागात किंवा एकटं असताना खाता का, रात्री उठून खाता का, आणि जेवल्यावर छातीत जळजळ होते का. जळजळ फार असेल तर स्लीव्हनं ती वाढू शकते, तेव्हा डॉक्टर बायपासकडं झुकतात. शाकाहारी किंवा माळकरी असाल तर तेही लिहा. ऑपरेशननंतर रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जावी लागतात, आणि जठर इवलंसं असताना ती नुसत्या वरणातून येत नाहीत. दूध, दही, पनीर, सोयाबीन, प्रोटीन पावडर यांची मोट बांधावी लागते.

घोरण्याचा व्हिडिओ

शेजारी झोपणाऱ्यानं मोबाइलवर दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करायचं. घोरता घोरता एकदम शांतता आणि मग दचकून श्वास घेतल्याचा आवाज, असं असेल तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं. भूल देण्याआधी झोपेत श्वास अडकण्याचा तो आजार कळणं गरजेचं आहे. आम्ही व्हिडिओ दाखवल्यावर अक्काला झोपेची तपासणी लगेच लिहून दिली.

तपासण्या

सगळ्या आधीच करून पैसे घालवू नका. रुग्णालयाला फोन करा आणि पहिल्या भेटीला काय हवं ते विचारा. बहुधा रक्त-साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, यकृत, किडनी, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी आणि ईसीजी यांतलं काही सांगतात. हे सगळं लातूर-नांदेडात होतं. सोनोग्राफीत यकृतावरची चरबी आणि पित्ताशयातले खडे कळतात, आणि वजन झपाट्यानं उतरताना खडे होतात म्हणून ते आधी माहीत असलेलं बरं. एंडोस्कोपी, टूडी इको वगैरे पुढं तिथंच ठरतं. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर असले तरी प्रिंट काढा आणि फाईलमध्ये नवा वर, जुना खाली असे लावा.

सोबत कोण

आपल्याकडं अशा वेळी जीपभर माणसं निघतात. दोघंच न्या, एक लिहिणारा आणि एक स्वयंपाक करणारा. दुसरा जास्त महत्त्वाचा. अक्काची सून आली, आणि तिनं विचारलेले प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आले नव्हते. पातळ जेवणाचे आठवडे किती, सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक चालेल का, मिक्सर वेगळा लागेल का.

बाईला काही बोलायचं असेल तर "थोडा वेळ एकटीशी बोलू द्या" असं डॉक्टरांना सरळ सांगा. पाळी, गर्भ, उलट्या काढायची सवय, घरातला मार, हे सासूसमोर निघत नाही. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भ राहू द्यायचा नसतो, आणि वजन उतरलं की गर्भ राहण्याची शक्यता वाढते, म्हणून साधन काय वापरायचं तेही तिथंच विचारा. लग्न जमावं म्हणून पोरीला घेऊन येणारे आईबाप त्या ओपीडीत मी बघितले. पोरीला हवंय का, हे आधी घरी तिला विचारा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

लिहून न्या. कोणी हसत नाही.

पहिला प्रश्न: माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? उत्तरात तुमची साखर, जळजळ, गोळ्या, वय यांचा उल्लेख यायला हवा. "आम्ही सगळ्यांना हेच करतो" असं ऐकलं तर दुसरीकडंही दाखवा.

दुसरा: ऑपरेशनऐवजी इंजेक्शन चालेल का? २०२५ मध्ये माउंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवायची इंजेक्शनं भारतात आली आणि तेव्हापासून प्रत्येक घरात हा प्रश्न आहे. ती किती दिवस घ्यावी लागतील, महिन्याला किती खर्च आणि बंद केल्यावर काय, हे विचारा. बंद केल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत येतं.

तिसरा: तुम्ही स्वतः वर्षाला किती करता, गळती किती जणांना झाली? अनुभवी केंद्रांत या ऑपरेशनमुळं होणारे मृत्यू हजारात एकाच्या आसपास आहेत, म्हणजे ते घाबरण्याइतकं नाही आणि कान टोचण्याइतकं सोपंही नाही. टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ, यावर ते मोकळेपणानं बोलतात का, ते बघा.

चौथा प्रश्न माझ्या मते सगळ्यात मोठा, आणि तो पुण्याच्या माणसाला पडत नाही. घरी परतल्यावर रात्री दोनला ताप आला, नाडी धावायला लागली, पोटात कळ आली, तर जायचं कुठं? सर्जन तीनशे किलोमीटरवर असताना "इकडं या" हे उत्तर पुरत नाही. लातुरात किंवा नांदेडात त्यांचा ओळखीचा सर्जन कोण, फोन चोवीस तास कोण उचलणार, किती दिवस त्याच शहरात राहायचं, हे नावानिशी लिहून घ्या. व्हिजिटिंग डॉक्टर असतील तर ऑपरेशन नेमकं कुठं होणार आणि ते गावात नसताना कोण बघणार, तेही.

पाचवा, कधी करायचं? अक्काला सोय बघून एप्रिलची तारीख देत होते, रब्बी उरकलेली म्हणून आम्हालाही बरी वाटली. सुनेनं विचारलं, "मेच्या उन्हात घोट घोट पाणी पिऊन कसं निभायचं?" सुरुवातीच्या आठवड्यांत एकदम ग्लासभर पाणी पिता येत नाही, आणि पाणी कमी पडून परत ॲडमिट व्हायची वेळ अनेकांवर येते. मराठवाड्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तर बोलायलाच नको. डॉक्टरांनाही पटलं. तारीख ऑगस्टची घेतली.

सहावा, पुढं काय? जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर, रक्ताच्या तपासण्या ठरावीक अंतरानं, तीन-चार महिन्यांनी केस गळणं, सैल कातडी. वर्षाला याचा खर्च किती, हे ऑपरेशनच्या खर्चाइतकंच नीट विचारा.

पैसे

पॅकेज तोंडी ऐकू नका, कागदावर घ्या. त्यात जठर कापून टाके घालणारे स्टेपलर किती धरलेत (खर्चाचा मोठा वाटा त्याचा असतो), आयसीयू, भुलीचे डॉक्टर, आहारतज्ज्ञाच्या भेटी, आणि गुंतागुंत होऊन परत ॲडमिट व्हावं लागलं तर पैसे वेगळे की त्यातच, असं एकेक विचारा. आम्हाला एका ठिकाणी काउंटरवर "आज ॲडव्हान्स भरला तर सूट" असं सांगितलं गेलं. आम्ही चहा पिऊन येतो म्हटलं आणि परत गेलो नाही.

त्या दिवशी

उपाशीपोटी रक्त द्यायचंय का, हे आदल्या दिवशी विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यानं उपाशी राहायचं असेल तर सकाळचा डोस कसा घ्यायचा, हे त्याच फोनवर विचारून घ्या. इन्सुलिन टोचून उपाशी प्रवास करू नका. डबा सोबत ठेवा. रक्तदाब बघायला सैल बाहीचं झंपर, पायात काढायला सोपी चप्पल. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून पाय सुजतात, मध्ये थांबेल तिथं उतरून चाला.

आणि उत्तरं त्याच संध्याकाळी लिहा, घरी पोचेपर्यंत निम्मी जातात. परतीच्या गाडीला वेळ होता, तेव्हा स्टँडच्या बाकावर बसून अक्का सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. बावीस उत्तरं झाली. वही मिटणार तेवढ्यात तिनं हात धरला. "एकादशीचं विचारायचं राहिलं की रे. साबुदाणा चालतो का?" सकाळी लातुरात उतरल्या उतरल्या आहारतज्ज्ञ मॅडमना फोन लावला. साबुदाणा नको, भगर दोन-तीन महिन्यांनी चमचाभर, दही, दूध आणि पनीर चालेल, म्हणाल्या. अक्कानं ते तेविसावं उत्तर म्हणून लिहायला लावलं.